पाळण्यात बसायचाही हक्क असतो



भीमजयंतीच्या आठवड्यात आमच्या नगरामागच्या मैदानावर पाळणेवाले येऊन उतरतात. मोठा आकाशपाळणा, घोड्यांची चक्री, लहान मुलांची आगगाडी. एकीकडे लाउडस्पीकरवर भीमगीते चाललेली असतात, दुसरीकडे पोरे आईचा पदर ओढत असतात आणि आई बिचारी पाकिटातल्या नोटा पुन्हा पुन्हा मोजत असते. दर वर्षीचेच चित्र आहे.

यंदा महिला मंडळाच्या बैठकीत यावरून बोलणे निघाले. एक भगिनी म्हणाल्या, "ताई, दोन मिनिटं गरगर फिरायचे एवढे पैसे! त्यात पोराला दोन वह्या येतील. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलंय, पाळण्यात बसा म्हणून नाही सांगितलं." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. परंतु घरी आल्यावर ते बोलणे मनातून जाईना. त्या भगिनींचे चुकले असे मी म्हणणार नाही. चार घरची धुणीभांडी करून मिळवलेल्या पैशाची किंमत त्यांना ठाऊक आहे. पण पाळण्यात बसणे ही खरोखरच इतकी फालतू गोष्ट आहे काय?

याचे उत्तर देण्यासाठी आज मी तुम्हाला लांब अमेरिकेतली एक गोष्ट सांगणार आहे. तिथल्या जुन्या लाकडी रोलर कोस्टरची. गोष्ट खेळाचीच आहे, पण ती ऐकताना तुम्हाला आपले महाड आठवेल आणि आपली राज्यघटनाही आठवेल.

कोळशाच्या गाडीतून जन्मलेला खेळ

रोलर कोस्टर म्हणजे काय हे आपल्या मुलांना आता सांगावे लागत नाही. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले आणि मुंबईच्या शाळांच्या सहली तिकडे जाऊ लागल्या. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका झाले. पण हे सगळे पोलादी रुळांचे नवे खेळ. मी सांगते आहे ती त्यांची आजी. लाकडी खांब, लाकडी तुळया, लाकडाचाच मार्ग, आणि त्यावरून उंच चढून खाली सुसाट येणारी डब्यांची गाडी. आपल्याकडच्या जत्रेत पूर्वी चार माणसांनी हाताने फिरवायचा लाकडी रहाटपाळणा असे. तसाच करकरणारा, पण डोंगराएवढा, असे समजा.

या खेळाचे मूळ थंडीच्या देशात आहे. रशियात हिवाळ्यात लाकडाचे उंच सांगाडे उभारून त्यावर पाणी ओतायचे. त्याचे बर्फ झाले की घसरगाडीवर बसून लोक खाली येत. हिवाळा संपला की खेळ संपला. पुढे १८१७ साली पॅरिसमध्ये त्याच धर्तीवर चाकांच्या गाड्या आल्या. गंमत अशी की फ्रेंच लोक या खेळाला अजून 'रशियन डोंगर' म्हणतात आणि रशियन लोक त्यालाच 'अमेरिकन डोंगर' म्हणतात!

अमेरिकेत हा खेळ वाढला तो मात्र कष्टकऱ्यांच्या कामातून. पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक नावाचे गाव होते. तिथे १८२७ साली खाणीतला कोळसा डोंगरावरून खाली आणण्यासाठी सुमारे नऊ मैलांचा उताराचा लोहमार्ग टाकला. इंजिन नाही, काही नाही. कोळशाने भरलेले डबे आपल्याच वजनाने खाली येत. रिकामे डबे खेचरांनी वर ओढायचे आणि खेचरांनी पुढच्या फेरीला वेगळ्या डब्यात उभे राहून खाली यायचे. पुढे कोळशासाठी दुसरी सोय झाली, तेव्हा लोक पैसे देऊन केवळ मजेखातर त्या डब्यांत बसू लागले. १९३३ पर्यंत तो मार्ग चालू होता.

न्यूयॉर्क शहराच्या समुद्रकाठी कोनी आयलंड म्हणून जागा आहे. तिथे १८८४ साली लामार्कस थॉम्पसन यांनी लाकडाचा सहाशे फुटांचा मार्ग उभारला. तिकीट पाच सेंट. वेग ताशी सहा मैल, म्हणजे आपल्या सायकलपेक्षाही कमी! एका टोकाला उतरायचे, कामगार गाडी ढकलून दुसऱ्या मार्गावर नेणार, मग पुन्हा बसून परत यायचे. तरीसुद्धा माणसांची रीघ लागली. कारखान्यात आठवडाभर राबणाऱ्या माणसाला रविवारी समुद्राचा वारा आणि पोटात गोळा आणणारा उतार, दोन्ही पाच सेंटांत मिळू लागले.

ती गाडी चालते कशी?

मुलांनी हे मुद्दाम वाचावे, कारण यात शाळेतले विज्ञान आहे. रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. पहिल्या चढावर एक लांब साखळी तिला ओढून नेते. माथ्यावर गेली की साखळी सुटते. नंतरची सगळी धाव ही त्या पहिल्या उंचीची पुण्याई. उतारावर वेग येतो, त्या वेगावर ती पुढचा चढ चढते, पुन्हा उतरते. म्हणून पहिला चढ सर्वांत उंच ठेवतात. पुढचा प्रत्येक चढ त्याहून कमी उंचीचा असतो, कारण वाटेत थोडी शक्ती घासण्यात आणि वाऱ्यात खर्च होते.

चढावर जाताना एक आवाज येतो, कट्-कट्-कट्-कट्. बसणाऱ्याच्या छातीत धडधड होते ती याच आवाजाने. पुष्कळांना वाटते तो साखळीचा आवाज आहे. तसे नाही. मार्गाला दातेरी पट्टी लावलेली असते आणि गाडीखाली एक लोखंडी अडसर असतो. गाडी एक दाता पुढे गेली की अडसर त्या दात्यामागे पडतो. समजा साखळी तुटली, तर गाडी पुढे जाणार नाही हे खरे, पण ती मागेही येणार नाही. जिथवर चढली तिथेच अडकून राहील. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मला पुन्हा तिच्याकडे यायचे आहे.

चाकेही तीन तऱ्हेची असतात. वजन पेलणारी वरची, बाजूला सरकू न देणारी कडेची, आणि मार्गाच्या खालून धरून ठेवणारी. ही खालची चाके जॉन मिलर नावाच्या कारागिराने १९१९ च्या सुमारास बसवली. त्यामुळे उंच उडी घेतानाही गाडी मार्ग सोडत नाही. मार्ग म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर आणि वर पोलादाची पट्टी. लाकूड थोडे लवते, हलते. पाहणाऱ्याला भीती वाटते, पण ते लवते म्हणूनच टिकते.

अर्थात ते आपोआप टिकत नाही. ही मैदाने हंगामी असतात, उन्हाळ्यात उघडी आणि हिवाळ्यात बंद. लोकांची मजा बंद असते तेव्हा सुतारांचे काम चालू असते. कुजलेली फळी काढायची, नवी ठोकायची, रंग द्यायचा. हंगाम सुरू झाला की रोज सकाळी दारे उघडण्यापूर्वी कामगार सगळा मार्ग पायी चालून जातात, ढिले झालेले बोल्ट आवळतात. तिकीट काढून आरोळ्या मारणाऱ्यांना ती माणसे दिसत नाहीत. आपल्या वाचकांत सुतार आहेत, फिटर आहेत, रेल्वेतले गँगमन आहेत. त्यांना मी काय सांगते आहे ते चांगले कळेल.

१९२७ साल

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शहरोशहरी ट्रामगाड्या आल्या. रविवारी गाड्या रिकाम्या धावू नयेत म्हणून कंपन्यांनी ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर बागा उभारल्या. बागेत नाचघर, पोहण्याचा तलाव, चक्री आणि लाकडी रोलर कोस्टर. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे कोनी आयलंडपर्यंत पोहोचली. भाडे पाच सेंट. गिरणीतल्या मुली, गोदीवरचे हमाल, परदेशातून पोट भरायला आलेले मजूर, सगळे तिथे लोटू लागले. कामगारांची करमणूक म्हणून या बागांचे मोठे नाव झाले.

कोनी आयलंडचा सर्वांत प्रसिद्ध रोलर कोस्टर म्हणजे 'सायक्लोन'. त्याचा सांगाडा पोलादी असला तरी मार्ग लाकडी आहे. उंची ८५ फूट, लांबी २,६४० फूट, वेग ताशी सुमारे ६० मैल. तो सुरू झाला २६ जून १९२७ रोजी. १९८८ साली न्यूयॉर्क शहराने त्याला जपण्याजोगी वास्तू ठरवले.

वाचकहो, १९२७ साल म्हटले की आपल्याला दुसरेच काही आठवते. त्याच वर्षी, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. ज्या न्यूयॉर्कला बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्या शहरात लोक पंचवीस सेंट देऊन सायक्लोनवर चढत होते, आणि इथे आपल्या बापजाद्यांना सार्वजनिक तळ्यावर पाण्याला हात लावल्याबद्दल लाठ्या खाव्या लागत होत्या.

मग अमेरिकेत सगळे समान होते काय? मुळीच नाही. तिथेही फाटक होते, आणि फाटकावर कातडीचा रंग पाहिला जात होता.

फाटकावरचा रखवालदार

त्या काळी अमेरिकेतल्या अनेक जत्रांत आणि बागांत एक खेळ असे. एका पडद्याला भोक पाडलेले. त्यातून एका काळ्या माणसाने डोके बाहेर काढायचे, आणि गोऱ्या गिऱ्हाइकांनी पैसे देऊन त्या डोक्यावर चेंडू मारायचे. नेम लागला की बक्षीस. कृष्णवर्णीय माणसाला त्या मैदानात अशी जागा होती. गिऱ्हाईक म्हणून मात्र बहुतेक बागांत त्याला मज्जाव असे. कुठे वर्षातून एखादा दिवस 'काळ्यांचा दिवस' म्हणून ठेवलेला असे.

सिनसिनाटी शहरातही कोनी आयलंड याच नावाची एक बाग होती. तिथे 'शूटिंग स्टार' नावाचा लाकडी रोलर कोस्टर होता. १९५२ साली त्या शहरात मॅरियन स्पेन्सर नावाची एक आई राहत होती. तिचे आजोबा जन्माने गुलाम. तिच्या दोन मुलांनी जाहिरातीत ऐकले की सर्व मुलांनी कोनी आयलंडला यावे. मुले आईकडे धावत आली. आईने बागेला फोन केला. सर्व मुलांना प्रवेश आहे ना? होय, आहे. मग आईने सांगितले, आम्ही निग्रो आहोत. पलीकडून उत्तर आले की मग नाही.

त्या आईने मुलांची समजूत घालून विषय संपवला नाही. ती स्वतः बागेच्या फाटकावर गेली, अडवली गेली, आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या मदतीने तिने कोर्टात दावा लावला. १९५५ साली बागेचे फाटक उघडले. पण पोहण्याचा तलाव आणि नाचघर उघडायला १९६१ साल उजाडावे लागले. हीच मॅरियन स्पेन्सर १९८३ साली सिनसिनाटीच्या नगर परिषदेवर निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. २०१९ साली त्या वारल्या.

तलाव आणि नाचघर शेवटी का उघडले, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. क्लीव्हलँडच्या युक्लिड बीच बागेतही तेच होते. रोलर कोस्टरवर बसा, पण पाण्यात उतरू नका आणि नाचू नका. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता, स्पर्शाचा होता. पाणी बाटते ही समजूत केवळ आपल्याच देशाची नव्हे! तिथे १९४६ च्या उन्हाळ्यात काळे-गोरे कार्यकर्ते मिळून नाचघरात गेले. रखवालदारांनी त्यांना बाहेर काढले, मारहाण झाली, सप्टेंबरमध्ये झटापटीत एका काळ्या पोलिसाला गोळी लागली. दुसऱ्या वर्षी नगर परिषदेने भेदभावाविरुद्ध नियम केला, तर नाचघर खासगी क्लबच्या नावाने चालवून नियमाला बगल दिली गेली. आणि बरे का, त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवून अस्पृश्यांची आणि तिथल्या निग्रोंची स्थिती किती सारखी आहे हे कळवले होते.

माझी जत्रा

मॅरियन स्पेन्सर यांची हकिकत कळली तेव्हा मला माझे लहानपण आठवले. आमच्या गावच्या जत्रेत रहाटपाळणा यायचा. आमच्या वस्तीतल्या पोरांना दिवसभर तो नुसता पाहायला मिळे. गावातली सगळी मुले बसून झाली, दिवेलागण झाली, की पाळणेवाला हात करून आम्हाला बोलवी. पैसे तेवढेच घेई. एकदा माझा भाऊ दुपारीच रांगेत उभा राहिला, तर गावातल्या एका बाईने आपले पोर पाळण्यातून ओढून उतरवले. पाळणेवाल्याने काही न बोलता भावाला बाजूला केले. मी खाली त्याच्या चपला सांभाळत उभी होते. हो, चपलाच सांभाळत होते, कारण मुलीच्या जातीने पाळण्यात कशाला बसायचे, असे आमच्या आजीचे म्हणणे. म्हणजे भावाला एक फाटक होते आणि मला दोन होती.

घरी येऊन भावाने आईला विचारले, "आपल्याला शेवटी का बसवतात?" आई चुलीपुढे होती. तिने फुंकणी खाली ठेवली, पण उत्तर दिले नाही. त्या वेळी मला वाटले तिला राग आला. आता वाटते, तिला उत्तर येत होते, ते लेकराला कसे सांगावे हे कळत नव्हते.

याच प्रश्नाने एका मोठ्या माणसाला अडवले होते. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिले. आणखी थोडी वाट पाहा असे सांगणाऱ्यांना ते उत्तर होते. त्यात त्यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा प्रसंग सांगितला. अटलांटातल्या फनटाउन या बागेची जाहिरात तिने टीव्हीवर पाहिली आणि तिथे जायचा हट्ट धरला. ती बाग काळ्या मुलांसाठी नाही, हे सांगताना बापाची जीभ अडखळली आणि लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. एवढ्या मोठ्या लढ्याचे कारण सांगताना त्या नेत्याने मारहाणीबरोबरच बागेत न जाता आलेल्या मुलीचे अश्रूही मोजले. त्यांनी ती गोष्ट फालतू मानली नाही.

'मी माणसाच्या वंशाचा'

राजधानी वॉशिंग्टनजवळ ग्लेन एको नावाची बाग होती. ट्रामच्या शेवटच्या टोकाची. १९२१ साली तिथे 'कोस्टर डिप्स' हा लाकडी रोलर कोस्टर आणि एक सुंदर चक्री उभारली होती. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठातले काळे विद्यार्थी आणि त्यांचे गोरे साथी तिथे गेले. गोऱ्या मित्रांनी तिकिटे काढून दिली आणि विद्यार्थी चक्रीच्या घोड्यांवर जाऊन बसले. रखवालदाराने चक्री सुरूच होऊ दिली नाही. त्यांचा पुढारी लॉरेन्स हेन्री याला रखवालदाराने विचारले, तुझा वंश कोणता? हेन्री म्हणाला, मी मानववंशाचा आहे. रेडिओच्या एका वार्ताहराने ते बोलणे टेपवर घेतले, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे.

पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. त्यानंतर तो सगळा उन्हाळा फाटकाबाहेर फलक घेऊन लोक चालत राहिले. जवळच्या वसाहतीतल्या गोऱ्या बायका मुलांना घेऊन त्यात सामील झाल्या. समोर नाझी पक्षाचे लोक विरोधात उभे राहिले, तरी हे हटले नाहीत. १९६१ च्या हंगामात बाग सर्वांना खुली झाली. त्या पाच जणांची शिक्षा १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. ग्लेन एकोची बाग १९६८ साली बंद पडली आणि रोलर कोस्टर पुढे पाडला गेला. चक्री मात्र लोकांनी वर्गणी करून वाचवली.

बाल्टिमोरच्या ग्विन ओक बागेतही १९५० च्या दशकापासून निदर्शने चालली होती. ४ जुलै १९६३ ला तर धर्मगुरूंसह जवळजवळ तीनशे जणांना अटक झाली. अखेर बागेचे फाटक उघडले तो दिवस होता २८ ऑगस्ट १९६३. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये डॉ. किंग लाखोंच्या सभेपुढे आपले स्वप्न सांगत होते. इकडे एक वर्षही पूर्ण न झालेली एक काळी मुलगी बापाच्या आधाराने चक्रीच्या घोड्यावर बसली. ती चक्री १९८१ साली वॉशिंग्टनला आणून बसवण्यात आली.

आपल्या घटनेत काय आहे?

अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणांचा भेदभाव मोडणारा कायदा २ जुलै १९६४ रोजी झाला. आपली राज्यघटना अमलात आली २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे चौदा वर्षे आधी. घरात घटनेची प्रत असेल तर आज संध्याकाळी मुलांना अनुच्छेद १५ मोठ्याने वाचायला सांगा. त्याच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे इथे अडवता येणार नाही. आणि त्याला लागूनच विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा उल्लेख आहे.

नीट पाहा. तलावाच्या शेजारी करमणूक आहे! मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. पाण्यावाचून माणूस मरतो, पाळण्यावाचून मरत नाही, मग दोन्ही शेजारी का? महाडला बाबासाहेबांनीच त्याचे उत्तर दिले होते. त्या तळ्याचे पाणी प्यायलो नाही तर आपण मरणार होतो असे नव्हे, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला आपण तिथे गेलो होतो. माणूस केवळ राबत नाही. तो हसतो, खेळतो, वाऱ्यावर ओरडतो. जो फक्त राबण्यापुरता उरला त्याला गुलाम म्हणतात.

काही बौद्ध बांधव म्हणतील, ताई, जत्रा आपण १९५६ सालीच सोडल्या. होय, सोडल्या, आणि योग्यच केले. नवस, कोंबडे-बकरे, अंगात येणे, हे सगळे आपण टाकले. पण त्याबरोबर हसणे-खेळणे टाका असे धम्म कुठे सांगतो? मैत्री आणि करुणेच्या जोडीने भगवान बुद्धांनी मुदिता सांगितली. दुसऱ्याच्या आनंदाने आपणही आनंदित होणे म्हणजे मुदिता. पाळण्यातून उतरलेल्या लेकराचा चेहरा पाहून ज्या आईचा शीण जातो, तिला मुदिता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

म्हणून त्या भगिनींना माझे सांगणे असे. वह्या आधी, यात शंकाच नाही. कर्ज काढून मौज करू नका. पाळणा जुनाट, डळमळता दिसला, बसण्याची दांडी नीट लागत नसली, तर सरळ परत फिरा. पण वह्या घेऊन चार पैसे उरत असतील तर वर्षातून एकदा लेकराला पाळण्यात बसवा, आणि भर दुपारी, रांगेत आपला नंबर लावून बसवा. मुलाला बसवाल तेव्हा मुलीलाही बसवा. चपला सांभाळायला तिला खाली ठेवू नका. आणि बसवताना त्यांना हे सांगा की या रांगेत उभे राहता यावे म्हणून कोणी लाठ्या खाल्ल्या आहेत, कोणी तुरुंगात गेले आहे.

आता त्या कट्-कट् आवाजाकडे येते. बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस नानकचंद रत्तू यांच्याजवळ आपल्या लोकांसाठी निरोप ठेवला होता, तो आपण सगळे जाणतो. मोठ्या कष्टाने इथवर ओढून आणलेला हा गाडा पुढे नेता आला नाही तर निदान मागे तरी जाऊ देऊ नका. रोलर कोस्टरच्या चढावरचा तो लोखंडी अडसर नेमके हेच करतो. तो गाडी ओढत नाही. एक दाता पुढे गेला की मागचा रस्ता बंद करतो, एवढेच. प्रत्येक घरातल्या आईला ते काम करता येते. जिथे आपण पोहोचलो, मग ती शाळा असो, पाणवठा असो की पाळण्याची रांग असो, तिथून आपले लेकरू मागे सरता कामा नये.

डॉ. किंग यांच्या मुलीचे पुढे काय झाले हे सांगून थांबते. काही काळाने फनटाउनची बाग गाजावाजा न करता सर्वांना खुली झाली. डॉ. किंग लेकीला घेऊन तिथे गेले. काही गोऱ्या लोकांनी त्यांना ओळखले आणि तुम्ही इथे आलात याचा आनंद वाटतो असे सांगितले. लेकीने ते आपल्या कानांनी ऐकले.

मागच्या रविवारी मी नातीला घेऊन मैदानावर गेले होते. दोन तिकिटे काढली. पाळणेवाल्याने विचारले, "आजी, तुम्हीपण बसणार?" म्हटले, "हो बाबा, माझी बारी कधीची राहिली आहे."

जय भीम! नमो बुद्धाय!